नैराश्याची कारणमीमांसा आणि पर्यायी उपचार : एक ऐतिहासिक पुनर्विचार

सारांश

नैराश्य म्हणजे मेंदूतील एखाद्या रसायनाची कमतरता, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वदूर रुजली. प्रस्तुत शोधनिबंधात या समजुतीचा उगम, विस्तार आणि फेरतपासणी यांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेतला आहे. औषध आधी सापडले आणि त्या औषधाच्या परिणामावरून आजाराचे कारण नंतर ठरविले गेले, हे या इतिहासाचे मुख्य वैशिष्ट्य आहे. याच काळात सामाजिक कारणांचा शोध घेणारा दुसरा विचारप्रवाहही अस्तित्वात होता. गोवा आणि विदर्भ येथील अलीकडच्या प्रयोगांतून त्या प्रवाहाला उपचाराचे रूप मिळाले. कारणाविषयीचा वाद मिटण्याची वाट न पाहताही परिणामकारक मदत करता येते, असा या निबंधाचा निष्कर्ष आहे.

प्रस्तावना

रोगांचा इतिहास हा केवळ जंतूंचा आणि औषधांचा इतिहास नसतो. प्रत्येक समाज आपल्या काळातील ज्ञानाच्या चौकटीत दुःखाचा अर्थ लावतो आणि त्या अर्थाला साजेसा उपाय शोधतो. नैराश्याच्या बाबतीत हे विधान विशेषत्वाने लागू पडते. क्षयरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविता येतो, मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते. नैराश्याचे निदान मात्र आजही रुग्णाचे बोलणे, त्याची झोप, भूक, कामातील रस आणि जगण्याची इच्छा यांवरूनच केले जाते. त्यासाठी रक्ताची कोणतीही खात्रीशीर चाचणी उपलब्ध नाही. त्यामुळे 'हे कशामुळे झाले?' या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय परका नाही. वर्गात एकाएकी गप्प झालेला विद्यार्थी, परीक्षेचा अर्ज न भरणारी विद्यार्थिनी, नापिकीमुळे शिक्षण अर्धवट सोडण्याच्या बेतात असलेला मुलगा आपल्यासमोर असतो. अशा वेळी आपण त्याला काय सांगतो, हे आपण नैराश्याचे कारण काय मानतो यावर अवलंबून असते. म्हणून या कारणमीमांसेचा इतिहास तपासणे हे केवळ पुस्तकी काम राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नैराश्याच्या कारणांविषयीच्या कल्पनांचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२) रासायनिक सिद्धान्त कोणत्या परिस्थितीत उदयास आला आणि का टिकला, याचा शोध घेणे.
३) औषधाव्यतिरिक्तच्या उपचारांची पार्श्वभूमी व परिणामकारकता तपासणे.

प्राचीन व मध्ययुगीन कल्पना

ग्रीक वैद्यकात शरीरातील चार रसांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून असते असे मानले जाई. दीर्घकाळ टिकणारी भीती आणि उदासी हे कृष्णपित्ताच्या आधिक्याचे लक्षण समजले जात असे. हिपोक्रेटीसच्या परंपरेतील ही कल्पना इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने पद्धतशीर मांडली आणि पुढे दीड हजार वर्षे ती युरोप व अरब जगतातील वैद्यकावर प्रभाव गाजवीत राहिली. उपचारही त्याच चौकटीतून आले. रक्त काढणे, रेचक देणे आणि आहार बदलणे ही पित्त कमी करण्याची साधने होती.

भारतीय परंपरेत चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातजन्य ऐंशी विकारांच्या यादीत विषादाचा समावेश आढळतो. त्याच ग्रंथात उपचारांचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. यांपैकी सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून परावृत्त करणे होय. दोन्ही परंपरांत शरीराला कारण मानले गेले, परंतु उपचार केवळ शरीरापुरता मर्यादित ठेवला गेला नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये १६२१ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट बर्टनच्या 'द ॲनाटॉमी ऑफ मेलँकली' या बृहद्ग्रंथातही पित्ताबरोबरच दारिद्र्य, विरह, एकांत आणि रिकामपण यांचा कारणे म्हणून विस्ताराने विचार केलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने आजाराच्या वाटचालीवरून वर्गीकरण करण्याची पद्धत रूढ केली. १८९९ साली त्याने उन्माद आणि विषाद यांना एकाच आजाराच्या कक्षेत आणले. याउलट सिग्मंड फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शोक आणि विषाद यांची तुलना करून विषादाच्या मुळाशी गमावलेपणाचा अनुभव पाहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दोन विचार शेजारी शेजारी नांदत होते. त्यानंतर मात्र चित्र बदलले, आणि ते बदलण्यास प्रयोगशाळेतील सिद्धान्त नव्हे, तर काही योगायोग कारणीभूत ठरले.

औषध आधी, कारण नंतर

१९५२ साली न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांवर आयप्रोनियाझिड या औषधाची चाचणी घेण्यात आली. खंगलेले रुग्ण उत्साही झाले, त्यांची भूक वाढली. क्षयावरील औषधाचा हा अनपेक्षित परिणाम होता. १९५७ साली नेथन क्लाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते नैराश्याच्या रुग्णांवर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील म्यूनस्टरलिंगेन येथील रुग्णालयात रोलँड कून हे गायगी कंपनीचे एक औषध स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहत होते. तेथे ते अपयशी ठरले. नैराश्याच्या रुग्णांत मात्र त्याचा उपयोग दिसला. हेच इमिप्रामिन होय. दोन्ही औषधे भलत्याच रोगासाठी तयार झाली होती आणि ती मेंदूत नेमके काय करतात हे प्रारंभी कोणी शोधले नव्हते.

या कथेतील तिसरा धागा भारताशी, त्यातही मुंबईशी जोडलेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व मानसिक विकारांवरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या परिणामांचा लेख प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली सिबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत रेसर्पिनमुळे प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा घटतो असे आढळले. दुसरीकडे, रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याचे अहवाल येऊ लागले.

आता मांडणी सोपी वाटू लागली. रेसर्पिन मेंदूतील काही रसायने घटविते आणि माणूस उदास होतो. आयप्रोनियाझिड व इमिप्रामिन तीच रसायने वाढवितात आणि माणूस सावरतो. म्हणजे उदासी ही त्या रसायनांची कमतरता असली पाहिजे. १९६५ साली जोसेफ शिल्डक्रॉट यांनी नॉरॲड्रेनॅलिनच्या बाबतीत हा तर्क मांडला. १९६७ साली ॲलेक कॉपेन यांनी ब्रिटनमधून सेरोटोनिनवर भर दिला. शिल्डक्रॉट यांनी आपली मांडणी अपुरी असल्याचे त्याच लेखात मान्य केले होते, हे नंतरच्या काळात विसरले गेले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने दोन गोष्टींची नोंद घेणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट तर्काची आहे. बाम चोळल्याने डोके दुखायचे थांबले, म्हणून डोक्यात बामची कमतरता होती असे आपण म्हणत नाही. उपायावरून कारण सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट पुराव्याची आहे. १९५५ सालीच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली होती. तीत चिंता व नैराश्य असलेल्या रुग्णांना रेसर्पिन दिल्यावर ते प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले होते. जे द्रव्य उदासी आणते असे गृहीत धरून सिद्धान्ताची इमारत उभी राहिली, तेच द्रव्य या चाचणीत उदासी कमी करीत होते. तरीही हा लेख बाजूला पडला. शिवाय ही औषधे मेंदूतील रसायनांची पातळी काही तासांत वा दिवसांत बदलतात, पण रुग्णाला बरे वाटण्यास कित्येक आठवडे लागतात, या विसंगतीचेही समाधानकारक उत्तर त्या मांडणीत नव्हते.

सिद्धान्ताचा विस्तार

एखादी कल्पना टिकण्यासाठी तिला संस्थांचा आधार लागतो. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत कारणांचा विचार बाजूला ठेवून लक्षणांच्या यादीवरून निदान करण्याचे ठरले. नऊपैकी पाच लक्षणे दोन आठवडे दिसल्यास निदान करता येऊ लागले. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरचा शोक तेवढा वगळला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो अपवादही काढून टाकण्यात आला. नोकरी गेल्याने वा कर्ज फिटत नसल्याने आलेली उदासी या पद्धतीत निराळी ओळखता येत नाही, असा आक्षेप ॲलन हॉर्विट्झ व जेरोम वेकफील्ड यांनी २००७ साली ग्रंथरूपाने नोंदविला.

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला, म्हणजेच प्रोझॅकला, मान्यता मिळाली. १९९७ साली तेथे दूरचित्रवाणीवरील औषधांच्या जाहिरातींचे नियम शिथिल झाले. त्यानंतर रासायनिक असंतुलन हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला. जाहिरातींतील सेरोटोनिनविषयीचे दावे आणि शास्त्रीय साहित्य यांत मेळ नाही, हे लॅकास व लिओ यांनी २००५ साली दाखवून दिले.

या कल्पनेने समाजाचे काही भलेही केले, हे नाकारता येणार नाही. 'हा तुझ्या स्वभावाचा दोष नाही, आजार आहे' असे सांगता येणे ही मोठी सोय होती. पूर्वजन्मीचे पाप, बाहेरची बाधा किंवा आळशीपणा या दूषणांतून अनेकांची सुटका झाली. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. कारण मेंदूत आहे असे ठरले की घर, शेत, कर्ज, मारहाण आणि एकाकीपणा यांविषयी विचारण्याची गरज उरत नाही.

कँबरवेलचा अभ्यास : दुसरा प्रवाह

लंडनच्या दक्षिणेकडील कँबरवेल या वस्तीत जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी ४५८ स्त्रियांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि १९७८ साली 'सोशल ओरिजिन्स ऑफ डिप्रेशन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नैराश्य आलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या आयुष्यात त्याआधी एखादी गंभीर घटना वा दीर्घकाळची अडचण होती. मात्र अशा संकटात प्रत्येक स्त्री खचत नव्हती. मन मोकळे करण्यासारखे जवळचे माणूस नसणे, चौदा वर्षांखालील तीन वा अधिक मुले घरी असणे, घराबाहेर रोजगार नसणे आणि वयाच्या अकरा वर्षांपूर्वी आई गमावणे या चार गोष्टींमुळे संकटाचा आघात अधिक खोल होत असे. कष्टकरी वर्गातील स्त्रियांत नैराश्याचे प्रमाण अधिक होते, ते याच कारणांनी.

या चारही गोष्टी रक्तात वा मेंदूत मोजता येत नाहीत, परंतु प्रश्न विचारून कळतात. रासायनिक सिद्धान्ताइतकी प्रसिद्धी या अभ्यासाला मिळाली नाही. त्यामागे त्याच्या गुणवत्तेपेक्षा व्यवहाराचा भाग अधिक असावा, कारण या निष्कर्षांतून विकता येईल अशी कोणतीही वस्तू निर्माण होत नव्हती.

पुराव्यांची फेरतपासणी

एकविसाव्या शतकात औषधांच्या परिणामकारकतेचा लेखाजोखा नव्याने मांडला गेला. २००८ साली एरिक टर्नर व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या तपासल्या. त्यांपैकी सुमारे ३१ टक्के चाचण्या प्रसिद्धच झाल्या नव्हत्या. अनुकूल ठरलेल्या ३८ चाचण्यांपैकी ३७ प्रसिद्ध झाल्या, तर प्रतिकूल वा शंकास्पद ३६ पैकी केवळ ३ चाचण्या त्याच स्वरूपात प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी अर्व्हिंग कर्श यांनी ३५ चाचण्यांच्या आधारे औषध आणि प्लासिबो यांतील सरासरी फरक हॅमिल्टन मापनश्रेणीवर १.८ गुणांचा असल्याचे दाखविले. अतितीव्र नैराश्यात हा फरक अधिक होता.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१८ साली आंद्रेया चिप्रियानी व सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी लाभ मध्यम स्वरूपाचाच होता. २०२२ साली जोआना मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी सेरोटोनिनविषयीच्या उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येते यास सातत्यपूर्ण पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. त्यांच्या पद्धतीवर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. तरीही कमतरतेचे ते साधे सूत्र आता पूर्वीच्या आत्मविश्वासाने मांडले जात नाही.

यावरून शरीराचा काहीच संबंध नाही असे मात्र म्हणता येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून नैराश्यातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के असल्याचा अंदाज २००० साली मांडण्यात आला. तसेच एखाद्या औषधामागचा सिद्धान्त ढासळला म्हणजे औषध निरुपयोगी ठरते असेही नाही. कित्येकांना या औषधांनी तारले आहे. वैद्यकीय सल्ल्याविना ती अचानक बंद करणे धोक्याचे असते, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक वाटते.

पर्यायी उपचार : हरारे, गोवा आणि विदर्भ

पर्यायी उपचार म्हटले की आपल्यासमोर जडीबुटी वा गंडेदोरे येतात. येथे तो शब्द निराळ्या अर्थाने वापरला आहे. नियंत्रित चाचणीत उतरलेले, परंतु गोळीवर अवलंबून नसलेले उपचार असा त्याचा अर्थ होय. १९९९ साली ड्यूक विद्यापीठातील जेम्स ब्लुमेंथल यांनी १५६ ज्येष्ठ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात सोळा आठवड्यांच्या व्यायामाचा परिणाम सर्ट्रालिन या औषधाच्या तोडीचा आढळला. मानसोपचारातही एक साधी पद्धत पुढे आली. उदास माणूस कामे टाळतो, टाळल्यामुळे समाधानाचे प्रसंग घटतात आणि उदासी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी त्याला लहान लहान, अर्थपूर्ण कृतींकडे परत वळवायचे, हा तिचा गाभा आहे. २०१६ साली इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, अल्प प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी दिलेला हा उपचार तज्ज्ञांच्या बोधात्मक उपचारपद्धतीपेक्षा कमी प्रतीचा ठरला नाही.

झिंबाब्वेतील हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आरोग्यकेंद्राच्या आवारात बाक मांडून त्यावर आजीबाईंना बसविले. शोना भाषेत अतिविचाराला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. या आजीबाई तोच शब्द वापरून, समोरच्याची एकेक अडचण सोडविण्यास मदत करीत. २०१६ साली ५७३ रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीने लक्षणे लक्षणीय प्रमाणात घटली.

गोव्यातील प्रयोग त्याआधीचा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेच्या संशोधकांनी तेथील स्त्रियांना त्यांच्या त्रासाचे कारण विचारले, तेव्हा पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही उत्तरे प्रामुख्याने मिळाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'मानस' चाचणीत वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना सामील करून घेण्यात आले. शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशकांच्या गटात ६५.९ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. २०१७ साली दहा आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर कृतीकडे वळविणाऱ्या, सहा ते आठ बैठकींच्या उपचाराची चाचणी झाली. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के होते, तर तुलनेच्या गटात ते ३९ टक्के होते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबविण्यात आला. शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत आलेल्या या भागात गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर यांची साखळी उभारली गेली. नैराश्यग्रस्तांपैकी मदत मिळविणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. या प्रयोगात तुलनेसाठी निराळी गावे घेतलेली नसल्याने सर्व श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही. तरीही जेथे शंभरांतील चार-पाच जणांपर्यंत मदत पोहोचत होती, तेथे ती सत्तावीस जणांपर्यंत पोहोचली, ही बाब लहान नाही.

या उपचारांच्या मर्यादाही लक्षात ठेवल्या पाहिजेत. बोलण्याने कर्ज फिटत नाही आणि बैठकीने पाऊस पडत नाही. सामाजिक कारणे मान्य करून उपचार मात्र व्यक्तीपुरताच ठेवला, तर ती एक नवी पळवाट ठरेल. पीककर्ज, रोजगार, कौटुंबिक हिंसेपासून संरक्षण हे प्रश्न धोरणाचे आहेत आणि त्यांचे उत्तर समुपदेशकाकडे मागता येणार नाही. तीव्र नैराश्यात व आत्महत्येचा धोका असताना तज्ज्ञाकडे पाठविणे अनिवार्यच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) नैराश्याचे एकमेव कारण शोधण्याचा प्रत्येक प्रयत्न आपल्या काळातील उपलब्ध साधनांनी घडविला गेला आहे. कृष्णपित्ताचा सिद्धान्त आणि सेरोटोनिनच्या कमतरतेचा सिद्धान्त यांत ज्ञानाचे अंतर मोठे असले, तरी एका द्रव्यात दुःखाचे मूळ शोधण्याची ओढ दोन्हींकडे सारखीच दिसते.

२) रासायनिक सिद्धान्ताला विरोधी जाणारा पुरावा १९५५ पासून उपलब्ध होता. तो नाकारला गेला नाही, तर वाचला गेला नाही.

३) समाज, शरीर आणि मन यांचे वाटे नेमके ठरण्यापूर्वीही मदत करता येते. गोवा व विदर्भ येथील समुपदेशकांनी कारणाचा वाद सोडविला नाही, त्यांनी समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारला.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) आपल्या देशात निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आहेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. परंतु दूरध्वनी उचलण्याचे बळ नसलेल्यांना आधी कोणीतरी विचारावे लागते. ग्रामीण महाविद्यालयांत मानसोपचारतज्ज्ञ सहसा नसतो, अध्यापक मात्र रोज असतो. त्याने निदान करू नये, औषधाविषयी मत देऊ नये. पण घरी काय चालले आहे, झोप लागते का, कोणाशी बोलणे होते का, हे प्रश्न त्याने जरूर विचारावेत. कँबरवेलच्या अभ्यासात मन मोकळे करण्याजोगे माणूस नसणे हा धोक्याचा एक घटक होता. तो घटक दूर करणे आपल्या आवाक्यात आहे.